एक लोकप्रतिनिधी आणि एक्केचाळीस वर्षांचा आग्रह

व्हिसा, ग्रीन कार्ड, स्पॉन्सरशिप हे शब्द आज आपल्या व्यापारी घरांत रोकड-खतावणीइतकेच परिचित झाले आहेत. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत संगणक अभियंता असतो, कुणाची पुतणी टेक्सासमध्ये डॉक्टर असते, तर कुणाचे मेहुणे न्यूयॉर्कच्या ४७व्या रस्त्यावरील हिरेबाजारात पेढी सांभाळतात. अमेरिकेचे दार भारतीयांसाठी पूर्वापार उघडेच होते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. १९४६ ते १९६५ या काळात संपूर्ण भारतासाठी त्या देशाचा वार्षिक कोटा अवघा १०० माणसांचा होता आणि त्यापूर्वी, १९१७ पासून, कायम वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या भारतीयाला ते दार बंदच होते. ते उघडण्यासाठी ज्यांनी अर्धे आयुष्य खर्ची घातले, त्या इमॅन्युएल सेलर यांचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

व्यापारी घरातील मुलगा

सेलर यांचा जन्म ६ मे १८८८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका ज्यू कुटुंबात झाला. आजी-आजोबा जर्मनीतून आलेले. वडिलांचा मद्याचा व्यवसाय बुडाला आणि त्यांच्यावर घरोघरी फिरून विक्री करण्याची वेळ आली. सेलर कोलंबिया विद्यापीठात शिकत असतानाच वडिलांचे निधन झाले. पाठोपाठ आईही गेली. घराचा भार तरुण खांद्यांवर आला. दुपारपर्यंत वर्गात बसायचे आणि त्यानंतर वडिलांच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे फेरी करायची, असा त्यांचा दिनक्रम झाला. कर्त्या पुरुषाच्या पश्चात दुकान आणि शिक्षण दोन्ही सांभाळणारी मुले आपल्याही समाजात अनेकांनी पाहिली आहेत. त्यांना या परिस्थितीचे वेगळे वर्णन करून सांगावे लागणार नाही.

१९१२ मध्ये ते वकील झाले. त्यांच्याकडे येणाऱ्या अशिलांत इटली, पोलंड, रशिया येथून आलेल्या गरीब कुटुंबांचा भरणा असे. १९२२ मध्ये ते प्रतिनिधिगृहावर निवडून आले आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे, म्हणजे जानेवारी १९७३ पर्यंत, तेथे राहिले.

आधारवर्षाची किमया

सभागृहातील पहिल्याच महत्त्वाच्या भाषणात त्यांनी १९२४ च्या स्थलांतर विधेयकाला विरोध केला. हे विधेयक नीट समजून घेण्याजोगे आहे. प्रत्येक देशातून किती माणसे घ्यावयाची हे ठरविण्यासाठी एक सूत्र होते: १८९० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या दोन टक्के. जनगणना तर १९२० चीही झालेली होती. मग चौतीस वर्षांपूर्वीची कशासाठी? कारण उघड होते. १८९० पर्यंत आलेले बहुतेक स्थलांतरित ब्रिटन, जर्मनी, आयर्लंड अशा देशांचे होते. इटालियन, ग्रीक, पोलिश, ज्यू ही मंडळी मोठ्या संख्येने नंतर आली. हिशेबात आधारवर्ष बदलले की निष्कर्ष बदलतो, हे वाणिज्य शाखेच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असते. येथे आकडेमोड बिनचूक होती. पक्षपात आधारवर्षाच्या निवडीत होता.

सेलर यांनी नेमके त्यावर बोट ठेवले. माणूस कोणत्या देशात जन्मला यावरून त्याची योग्यता ठरविणे हे अमेरिकेच्या स्वतःच्याच तत्त्वांशी विसंगत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. परंतु छत्तीस वर्षांच्या नवख्या सदस्याचे कोण ऐकणार? विधेयक प्रचंड बहुमताने संमत झाले आणि मे १९२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची स्वाक्षरी झाली. १९२९ पासून सूत्र थोडे बदलले, तरी रोख तोच राहिला. ब्रिटनला ६५,७२१ जागा, इटलीला ५,८०२ आणि ग्रीसला ३०७! त्यातही ब्रिटन व आयर्लंडच्या जागा मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहत. एका खात्यातील ती शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती करता येत नसे. ग्रीक आणि इटालियन कुटुंबे मात्र वर्षानुवर्षे रांगेत ताटकळत राहत.

या कठोरपणाची सर्वांत मोठी किंमत युरोपातील ज्यूंनी मोजली. १९३९ मध्ये ‘सेंट लुईस’ हे जहाज ९३७ प्रवाशांना घेऊन क्यूबाच्या व अमेरिकेच्या किनाऱ्यापाशी आले आणि परत पाठविले गेले. त्यांतील २५४ जण पुढे नाझींच्या छळात मृत्युमुखी पडले. कागदावरचा कोटा एखाद्या कुटुंबाच्या जीवनमरणाचा प्रश्न ठरू शकतो, हे सेलर यांना त्या वर्षांत फार जवळून दिसले.

भारतीयांचे दार

आशियाई लोकांची स्थिती याहूनही बिकट होती. १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येण्यास बंदी घातली होती. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की, भारतीय ‘गौरवर्णीय’ नाहीत. म्हणून त्यांना नागरिकत्व मिळू शकत नाही. मिळालेले नागरिकत्वही अनेकांकडून काढून घेतले गेले. त्यांतील वैष्णो दास बगाई हे सॅन फ्रान्सिस्कोतील व्यापारी. नागरिकत्व गेले, मालमत्ता बाळगण्याचा हक्क गेला, दुकान विकावे लागले आणि देशाबाहेर जाण्यासाठी पासपोर्टही मिळेना. १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. एका कायद्याच्या अर्थनिर्णयाने एका सचोटीच्या व्यापाऱ्याच्या पायाखालची जमीन अशी सरकली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कमधील भारतीय कापडाचे आयातदार सरदार जे. जे. सिंग यांनी इंडिया लीग ऑफ अमेरिका या संस्थेमार्फत हा प्रश्न धसास लावला. त्यांना सभागृहात दोन परस्परविरोधी पक्षांचे पाठीराखे मिळाले: डेमोक्रॅटिक पक्षाचे सेलर आणि रिपब्लिकन पक्षाच्या क्लेअर बूथ ल्यूस. या दोघांच्या नावे ओळखला जाणारा कायदा २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या स्वाक्षरीने अमलात आला. त्याने भारतीयांना वार्षिक १०० चा कोटा दिला. संख्या नगण्यच, पण नागरिकत्वाचा हक्क मिळाला, ही खरी मिळकत. कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नावाने शेती कसणाऱ्या पंजाबी शेतकऱ्यांना जमीन स्वतःच्या नावावर घेता येऊ लागली. त्यांच्यातीलच दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये थेट प्रतिनिधिगृहावर निवडून गेले. तेथे पोहोचलेले ते पहिले आशियाई वंशाचे सदस्य.

अध्यक्षपद असूनही

१९४९ मध्ये सेलर प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष झाले. स्थलांतराचे कायदे याच समितीपुढे येत. तरीही त्यांचे काम सोपे झाले नाही. त्यांच्याच पक्षाचे आणि त्यांच्याच समितीतील फ्रान्सिस वॉल्टर हे जुन्या कोटापद्धतीचे कट्टर समर्थक होते. १९५२ चा कायदा वॉल्टर यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याने कोटा कायम ठेवला. शिवाय आशियाई वंशाचा मनुष्य जगात कोठेही जन्मला, तरी त्याची गणना वंशाच्या देशातच करावी असे ठरविले. म्हणजे लंडनमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा मुलगाही ब्रिटनच्या पासष्ट हजारांत नव्हे, तर भारताच्या शंभरांत धरला जाई. ट्रूमन यांनी हे विधेयक नाकारले; सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने ते पुन्हा संमत केले. सेलर या वेळीही पराभूत पक्षात होते.

सत्ता हाती असूनही मनासारखे घडत नाही, हा अनुभव माणसाला एक तर कडवट करतो, नाही तर चिवट. सेलर चिवट झाले. पुन्हा पुन्हा दुरुस्त्या सुचवीत राहिले. त्यांच्या मांडणीत तीन सूत्रे सतत दिसतात. पहिले, माणसाची पारख त्याच्या जन्मस्थानावरून नव्हे, तर त्याच्या गुणांवरून व्हावी. दुसरे, कायद्याने नवरा-बायको, आई-बाप आणि मुले यांची ताटातूट करू नये. तिसरे, न्याय्य धोरण हा केवळ परोपकार नसून त्यात देशाचेही हित आहे. ज्या राष्ट्रांची मैत्री हवी, त्यांच्याच लोकांना कमी प्रतीचे ठरविणे शहाणपणाचे नव्हे.

स्वातंत्र्यदेवतेच्या पायाशी

१९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी कोटापद्धती रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्याच वर्षी वॉल्टर यांचे निधन झाले. केनेडींच्या हत्येनंतर जॉन्सन यांनी तो विषय हाती घेतला. नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचे मन बदलत होते. सेलर यांनी प्रतिनिधिगृहात आणि मिशिगनचे फिलिप हार्ट यांनी सिनेटमध्ये विधेयक मांडले. प्रतिनिधिगृहात ते ३१८ विरुद्ध ९५ मतांनी संमत झाले. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जॉन्सन यांनी स्वाक्षरी केली. पहिल्या भाषणाला एक्केचाळीस वर्षे लोटली होती. सेलर सत्त्याहत्तर वर्षांचे झाले होते.

नव्या कायद्याने पूर्व गोलार्धासाठी वर्षाला १,७०,००० जागा ठेवल्या आणि कोणत्याही एका देशास कमाल २०,००० ही समान मर्यादा घातली. प्राधान्यक्रमातील ७४ टक्के जागा कुटुंबीयांसाठी, २० टक्के व्यावसायिक व कामगारांसाठी आणि ६ टक्के निर्वासितांसाठी होत्या. नागरिकांचे पती-पत्नी, अज्ञान मुले आणि आई-वडील यांना मर्यादेतून वगळले.

कुटुंबाला इतके झुकते माप मिळाले, त्यामागे एक तडजोड होती. मूळ मसुद्यात कौशल्याला अग्रक्रम होता. विरोधकांनी नातेवाइकांना अग्रक्रम मागितला; कारण आधीच स्थायिक असलेल्या युरोपीय लोकांचेच नातेवाईक येतील आणि समाजाची रचना तशीच राहील, असा त्यांचा अंदाज होता. आशियातून फार लोक येणार नाहीत, असे आश्वासन सेलर यांनीही दिले होते. दोन्ही बाजूंचा होरा चुकला. भारतातून आधी डॉक्टर, अभियंते, परिचारिका व्यावसायिक प्रवर्गातून गेल्या. ते नागरिक झाले आणि त्यांनी भावा-बहिणींना बोलावले. १९६० मध्ये अमेरिकेत भारतात जन्मलेले सुमारे १२,००० लोक होते. १९८० मध्ये ते दोन लाखांवर गेले. १९८१ साली उत्तर अमेरिकेतील जैन संघांचा ‘जैना’ हा महासंघ आणि मराठी मंडळांची बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था, दोन्ही स्थापन झाल्या. त्याच वर्षीच्या जानेवारीत सेलर यांनी जगाचा निरोप घेतला.

जमेच्या आणि नावेच्या बाजू

कोणाही लोकप्रतिनिधीचा ताळेबंद केवळ जमेच्या बाजूचा नसतो. स्त्रियांच्या समान हक्कांची घटनादुरुस्ती सेलर यांनी अनेक वर्षे आपल्या समितीत अडवून धरली. १९७२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्टझमन या तरुण महिला वकिलाने त्यांचा पराभव केला. इतरांसाठी दार उघडणाऱ्यालाही एखादे दार दिसत नाही, ते असे.

त्यांच्या कायद्यातही उणिवा राहिल्या. मेक्सिकोसह पश्चिम गोलार्धावर प्रथमच १,२०,००० ची मर्यादा आली. शेजारच्या शेतमजुरांची ये-जा थांबली नाही. ती फक्त बेकायदा ठरली. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना रीतसर दर्जा मिळाला. पण प्रश्न मिटला नाही. २०१३ मध्ये सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी सर्वंकष सुधारणेचे विधेयक संमत केले. प्रतिनिधिगृहाने ते विचारातच घेतले नाही.

सर्व देशांना समान मर्यादा हे १९६५ चे तत्त्वही आता नव्या अडचणीत सापडले आहे. चिमुकल्या देशाला आणि कोट्यवधींच्या भारताला एकच माप लावले की देशांची समानता साधते, माणसांची नाही. आज लाखो भारतीय ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. भावंडांच्या प्रवर्गात पंधरा वर्षांहून अधिक प्रतीक्षा करावी लागते. लहानपणी आई-वडिलांबरोबर गेलेली मुले एकवीस वर्षांची झाली की अवलंबित म्हणून मिळालेला दर्जा गमावतात आणि जिथे वाढले त्याच देशात परके होतात. म्हणजे सेलर यांचे दुसरे सूत्र, कुटुंबाची ताटातूट टाळणे, अजून अपुरेच आहे.

प्रत्येक देशाला आपल्या सीमा राखण्याचा आणि किती माणसे घ्यावीत हे ठरविण्याचा अधिकार आहे; सेलर यांनीही तो कधी नाकारला नाही. त्यांचा आग्रह इतकाच होता की, मोजमाप करावे लागलेच, तर माप खरे असावे. खोट्या मापाने तोललेला माल कितीही नीटनेटका बांधला, तरी तो व्यवहार सचोटीचा ठरत नाही, हे व्यापारी घरांत लहानपणीच शिकवले जाते. आपली मुले ज्या कायद्याच्या आधारे परदेशी स्थिरावली, तो कायदा परक्यांसाठी कळवळणाऱ्या एका माणसाच्या चिकाटीतून जन्मला, याचे स्मरण ठेवणे उचित. आपल्या गावात, आपल्या बाजारपेठेत पोटासाठी दूरवरून आलेल्या माणसाशी वागताना हे स्मरण उपयोगी पडले, तर त्या ऋणाचा थोडा अंश तरी फिटेल.