नोकरी सुटली, खाते उघडेच?

बंगळुरूच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या किंवा व्हाइटफील्डमधल्या मोठ्या कंपनीत माणूस रुजू झाला की त्याची नोंद कंपनीच्या डिरेक्टरीत होते. विंडोज २००० सोबत आलेली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही त्यातली सर्वांत रुळलेली. कामे मात्र वाटली जातात जिरासारख्या प्रकल्प व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिथली खातेयादी वेगळी असते. दोन्ही याद्या जुळत्या ठेवणे म्हणजे सिंक.

कंपनीने स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेले जिरा एलडॅप पद्धतीने डिरेक्टरीकडून नाव, ईमेल आणि गट उचलते. मूळ सेटिंगमध्ये दर ६० मिनिटांनी. पासवर्ड सहसा लॉगिनच्या वेळी थेट डिरेक्टरीकडूनच तपासला जातो.

खरी मेख आहे ती ओळख पटवण्यात. लग्नानंतर एखादीचे आडनाव बदलते, त्यासोबत ईमेलही. जुळणी ईमेलवरून होत असेल, तर सॉफ्टवेअरला ती नवीच व्यक्ती वाटू शकते: जुनी कामे एका खात्यावर, नवी दुसऱ्यावर. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी प्रत्येक खात्याला कायमचा ओळखक्रमांक देते; जुळणी त्यावरूनच करावी.

नोकऱ्या झपाट्याने बदलणाऱ्या या शहरात सोडून गेलेल्याचे खाते हा मला सर्वांत गंभीर प्रश्न वाटतो. ते पुसू नये, निष्क्रिय करावे, म्हणजे त्याने केलेल्या कामाच्या नोंदी त्याच्या नावावर राहतात. शिवाय त्याने पूर्वी बनवलेली, पासवर्डशिवाय प्रवेश देणारी टोकन्स वेगळी रद्द करावीत. केवळ पुढच्या सिंकवर विसंबू नये.