मूल ठेंगणे का राहते?



पीक बुटके दिसले की आपण विचारतो, खतपाणी कमी पडले की वाणच बुटका आहे? 'कल्याण सोना' गहू ताटाने बुटका, पण ओंबीने भरदार. तो रोगट आहे असे कोणी म्हटले नाही. मुलाची उंची खुंटली म्हणजे मात्र आपण ग्रहणाला, नजरेला, नाहीतर त्याच्या आईला दोष देऊन मोकळे होतो. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. खरी कारणे समजून घेऊ.

पहिले कारण बियाण्यातले, म्हणजे जनुकातले. लांब हाडांच्या टोकाशी कोवळी कुर्चा असते. तिचेच पुढे हाड बनते आणि मूल उंच होते. या वाढीला लगाम घालणारे एक जनुक आहे. त्यात बदल झाला की लगाम जास्तच आवळला जातो. या विकाराला 'अकाँड्रोप्लेझिया' म्हणतात. हा जनुकीय बदल १९९४ मध्ये सापडला. अशा दर दहा मुलांपैकी सुमारे आठ मुलांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचेच असतात. बदल त्या मुलातच नव्याने झालेला असतो. तेव्हा सुनेला बोल लावण्यात अर्थ नाही. मात्र आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असेल, तर प्रत्येक अपत्यात तो येण्याची शक्यता निम्मी असते.

या मुलांचे धड जवळपास नेहमीसारखे, पण दंड आणि मांड्या आखूड असतात. डोके मोठे, कपाळ पुढे आलेले असते. बुद्धी मात्र इतरांसारखीच असते. तान्हेपणी काळजी घ्यावी. मूल स्वतः बसू लागेपर्यंत त्याला बळेच बसवू नये, पाठीला बाक येतो. झोपेत मोठ्याने घोरत असेल किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. कान वारंवार फुटत असेल तर ऐकू येते का, हे तपासावे. मोठेपणी वजन आटोक्यात ठेवावे आणि पायांना मुंग्या किंवा बधिरपणा आल्यास अंगावर काढू नये. मणक्यातली वाट अरुंद असल्याने मज्जारज्जूवर दाब येतो.

दुसरे कारण ग्रंथींचे. मेंदूच्या तळाशी असलेली पियुष ग्रंथी वाढीचे संप्रेरक पुरेसे देत नसेल, तर मूल प्रमाणबद्ध पण लहानखुरे राहते. वेळेत निदान झाले तर त्या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी उंची वाढते. हाडांची टोके एकदा जुळली की मग उपाय नाही. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जन्मतःच मंद असेल, तर उंचीबरोबर बुद्धीही खुंटते. तिच्यावर साधी गोळी आहे, पण ती जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सुरू व्हायला हवी. म्हणून बाळंतपणाच्या दवाखान्यात बाळाच्या रक्ताची ही तपासणी मागून करून घ्या. घरात आयोडीनयुक्त मीठच वापरा.

तिसरे, खतपाण्याचे. पोटभर सकस अन्न नसणे, वारंवार हगवण, मूत्रपिंडाचा जुना आजार यांनीही वाढ मागे पडते. हा जन्मजात ठेंगणेपणा नव्हे. पण इथेही उशीर महागात पडतो.

माता-भगिनींनो, एक सोपे काम करा. दर पाडव्याला मुलाला भिंतीशी ताठ उभे करून डोक्याच्या रेषेत खूण करा. चार वर्षांपुढचे मूल वर्षाला दोन इंचांहून कमी वाढत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. उंची वाढवणाऱ्या पुड्या आणि लेहांवर पैसे घालवू नका.

आणखी एक गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठेंगणेपणाला अपंगत्व म्हणून मान्यता दिली आहे. प्रौढ माणसाची उंची १४७ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट दहा इंच किंवा कमी, ही त्याची व्याख्या. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र काढून घ्या. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरल्यास सरकारी नोकरीतील राखीव जागांचा हक्क मिळतो. मुलाला वेळेवर शाळेत घाला, बाकाखाली पाय टेकायला पाट द्या, आणि त्याला त्याच्या नावानेच हाक मारा.