जाहीर झालेले पाच लाख आणि हक्काची भरपाई
हक्काची भरपाई : लेखांक चौथा

२५ मार्च २०२१च्या रात्री भांडुप पश्चिमेच्या ड्रीम्स मॉलला आग लागली. आग पहिल्या मजल्यावरची, पण तिसऱ्या मजल्यावर सनराइज रुग्णालय होते आणि तिथे कोविडचे रुग्ण दाखल होते. धूर वर चढला. या दुर्घटनेत अकरा जणांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तिथे आले आणि मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी ५ लाख रुपयांची मदत जाहीर झाली. २९ डिसेंबर २०२५च्या रात्री भांडुप स्थानकाबाहेर मागे येणारी बेस्टची बस रांगेतल्या आणि रस्त्यावरच्या माणसांवर गेली, चौघांचा जीव गेला. मदत पुन्हा ५ लाखांचीच जाहीर झाली.

हे पैसे लगेच लागतात आणि ते जरूर घ्यावेत. पण ते ठरवताना गेलेल्या माणसाचे वय कोणी विचारलेले नसते. पगार, मुलांची शिक्षणे, घरातली म्हातारी आई, यांतले काहीच त्या आकड्यात नसते. चूक कोणाची, हा प्रश्नही त्यात येत नाही. ती सरकारने स्वेच्छेने दिलेली मदत आहे. भरपाईचा दावा वेगळा, तो कायद्याने मिळालेला आणि मदत स्वीकारल्याने तो बुडत नाही. तरीही कितीतरी घरे पहिल्या धनादेशावरच थांबतात. दिवसकार्य उरकते, कामावर जावे लागते, कोर्टाची पायरी नको वाटते. त्या कुटुंबांना दोष देता येत नाही, पण त्यांचे किती नुकसान होते ते आकड्यांतच पाहू.

रस्ता अपघातातल्या मृत्यूची भरपाई कशी काढायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९च्या सरला वर्मा आणि २०१७च्या प्रणय सेठी निकालांनी जवळजवळ सूत्रात बसवले आहे. उदाहरणासाठी एक घर कल्पू. घरातला कर्ता ४२ वर्षांचा, खासगी कंपनीत ठरावीक पगारावर, महिना २५,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. या वयाला पुढच्या पगारवाढीपोटी २५ टक्के धरतात, म्हणजे महिना ३१,२५० आणि वर्षाला ३,७५,००० रुपये. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा. उरले २,८१,२५०. ४१ ते ४५ या वयोगटाचा गुणक १४. गुणाकार ३९,३७,५०० रुपयांवर जातो. अंत्यविधीचा खर्च आणि सहवास गमावल्याबद्दलच्या रकमा वेगळ्या. व्याज वेगळे. हा आकडा पाच लाखांशेजारी ठेवून पाहा.

नोकरी कायम असेल तर याच वयाला २५ऐवजी ३० टक्के वाढ धरतात. माणूस अविवाहित असेल तर बहुधा निम्मी रक्कम वजा होते. आणि गेलेली व्यक्ती घर सांभाळणारी बाई असेल तर? ‘ती काही कमवत नव्हती’ असे म्हणून घरचेच दावा सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. जमशेदपूरच्या १९८९च्या आगीसंबंधीच्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१मध्येच गृहिणीच्या कामाचे मोल पैशांत धरले. २०२१च्या कीर्ती निकालाने ते आणखी ठामपणे सांगितले. भाजीवाला, रिक्षावाला, घरकाम करणारी बाई यांच्याकडे पगाराची पावती नसते. तिथे बँकेचे पासबुक, परवाना, मालकाची साक्ष चालते. त्यातले काहीच नसले तरी न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरते.

रस्ता अपघाताच्या भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा. चालक, गाडीचा मालक आणि विमा कंपनी हे तिन्ही समोर हवेत. बस कंत्राटदाराची आणि फेरी बेस्टची असेल तर दोघांनाही पक्षकार करावे, नाहीतर एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. कायद्यातली २०१९ची दुरुस्ती अर्जासाठी सहा महिने देते, तेवढ्यातच अर्ज करावा. चालकावरचा फौजदारी खटला संपायची वाट पाहू नये. तिथे लागतो तसा निःसंशय पुरावा इथे लागत नाही, आणि चालक निर्दोष सुटला म्हणून कुटुंबाचा दावा आपोआप संपत नाही. कंत्राटदाराचा माणूस ‘सर्व हक्क मिटले’ असा कागद पुढे करील. त्यावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

मॉलमधल्या आगीला असे सूत्र नाही, तयार न्यायाधिकरणही नाही. मला सगळ्यात अन्यायाची वाटते ती हीच गोष्ट. बसखाली गेलेल्याच्या घरच्यांना एक ठरलेला दरवाजा आहे. धुरात गुदमरलेल्याच्या घरच्यांना तो शोधावा लागतो. एक मार्ग १८५५च्या प्राणघातक अपघात कायद्याचा. पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी दिवाणी दावा, मुदत मृत्यूपासून दोन वर्षे. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, कारण पैसे घेऊन दिलेले उपचार ही सेवा आहे हे १९९५पासून ठरलेले आहे. तिसरा, उच्च न्यायालयात रिट याचिका. इथे दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचे उदाहरण सावध करते. १३ जून १९९७च्या त्या आगीत ५९ जण गेले. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाई प्रौढांसाठी १० लाख आणि वीस वर्षांखालच्यांसाठी साडेसात लाखांवर आणली. बोजा चित्रपटगृहाचे मालक आणि वीज मंडळ यांच्यावर राहिला. महापालिका आणि परवाना देणारे पोलीस भरपाईतून सुटले. म्हणून नुसत्या महापालिकेवर बोट ठेवून भागत नाही, जागेचा मालक आणि ताबेदार धरावा लागतो. त्यासाठी महाराष्ट्राचा २००६चा अग्निप्रतिबंधक कायदा कामी येतो. इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते दिले होते का, आधी नोटिसा गेल्या होत्या का, हे माहितीच्या अधिकारात मागावे. दाव्याचा कणा त्या कागदांतच असतो.

विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला तर कुटुंबाची बाजू बरीच भक्कम असते. भांडुप-मुलुंड पट्ट्यात वीज महावितरणची. पावसात तुटलेल्या जिवंत तारेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये सांगितले, की एवढी धोकादायक गोष्ट वाहून नेणाऱ्याला ‘आमचा निष्काळजीपणा नव्हता’ असे म्हणून सुटता येत नाही. खड्डा किंवा उघडे मॅनहोल यांमुळे मृत्यू झाल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या १३ ऑक्टोबर २०२५च्या आदेशानुसार वारसांना ६ लाख रुपये मिळतात. त्यानंतरही इतर दावे करता येतात.

लोकलमधून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण. रक्कम ठरावीक ८ लाख, वय वा पगार न पाहता. मुदत एक वर्ष. रूळ ओलांडताना झालेला मृत्यू यात बसत नाही. अंगावर तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे २०१८च्या रीना देवी निकालाने सांगितले आहे. तरी घरी राहिलेला पास, मोबाइलमधले तिकीट, कामावरची हजेरी लगेच जपून ठेवावी. गर्दीच्या वेळी तो माणूस प्रवासालाच निघाला होता, हे दाखवायला ते उपयोगी पडते.

दावा कोणत्याही दरवाजाचा असो, एफआयआर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला यांच्या प्रती पहिल्या महिन्यातच काढून ठेवाव्यात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. बाईला आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम न्यायाधिकरण बहुधा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदतठेवीत ठेवते. त्यातून शिक्षणासाठी पैसे कसे काढायचे आणि वारसांमध्ये वाद असेल तर काय होते, हे पुढच्या लेखांकात.