ड्रम सेटसाठी स्प्लॅश सिंबल निवडताना: आठ इंची की दहा इंची?

बोनकोडे हे कोपरखैरणेला लागून असलेले नवी मुंबईतले जुने गाव. भोवती सिडकोचे सेक्टर उभे राहिले, तरी अशा गावठाणांतल्या हळदी आणि गणपतीच्या मिरवणुका अजून वाजतगाजतच होतात. हळदीच्या रात्री बेंजो पार्टी जवळजवळ ठरलेली. त्यातला बेंजो म्हणजे खरे तर बुलबुलतरंग. सोबत कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल, ताशे, रोटो असा सगळा संच. रवी जाधव यांच्या २०१६ सालच्या ‘बँजो’ चित्रपटात हे जग मोठ्या पडद्यावर आले होते. अशा पार्टीत पॅड किंवा रोटो वाजवणारी मुले पुढे ड्रम सेटकडे वळतात, तेव्हा सुपारीचे पैसे साठवून एकेक वस्तू घेतली जाते. हाय-हॅट, राइड, क्रॅश झाले की नजर जाते ती स्प्लॅशवर. आकाराने लहान, दिसायला गोड, मोठ्या सिंबलपेक्षा स्वस्तही. म्हणूनच तो फारसा विचार न करता घेतला जातो, आणि बऱ्याचदा चुकीचा घेतला जातो.

ड्रमचा आवाज पटला नाही तर चावी फिरवून चामडे ताणता येते, सैल करता येते किंवा बदलता येते. सिंबलचे तसे नाही. तो ज्या आवाजाचा घरी येतो, त्याच आवाजाचा राहतो. टेप किंवा फेल्ट लावून आवाज दाबता येतो, पण नसलेला गुण आणता येत नाही. त्यामुळे सगळा निर्णय दुकानात, काठी हातात असतानाच व्हायला हवा.

स्प्लॅश म्हणजे छोटा क्रॅश नव्हे

साधारण ६ ते १२ इंच व्यासाच्या पातळ सिंबलला स्प्लॅश म्हणतात. ८ आणि १० इंच हे सर्वाधिक चालणारे आकार. क्रॅश वाजवला की आवाज फुटतो आणि काही क्षण पसरत राहतो. ओळीच्या शेवटी किंवा समेवर त्याची गरज असते. स्प्लॅशचे काम याच्या उलट. तो चटकन उघडतो आणि चटकन मिटतो. पाण्यात खडा पडल्यावर उडणाऱ्या तुषारांसारखा. इंग्रजी नावाचा अर्थही तोच. गाण्याच्या ओळीच्या मध्येच, गायकाला न झाकता, एखादी जागा अधोरेखित करायची असेल तर स्प्लॅश उपयोगी पडतो.

म्हणून चांगल्या स्प्लॅशची पहिली कसोटी तो किती मोठा वाजतो ही नसून किती लवकर थांबतो ही आहे. दुकानात बहुतेक जण नेमके उलटे करतात: जोरात मारतात आणि जो जास्त घुमतो तो उचलतात.

या सिंबलचा मूळ काळ १९२० आणि ३० च्या दशकातला. त्या वेळचे जॅझ ड्रमर लहान पातळ सिंबल वाजवून लगेच दुसऱ्या हाताने पकडत, म्हणजे आवाज तिथेच तुटे. जीन क्रुपासारख्या वादकांच्या मागणीवरून झिल्जियन कंपनी पातळ सिंबल बनवू लागली. पुढे रॉकच्या मोठ्या आवाजात स्प्लॅश मागे पडला. त्याला पुन्हा मान मिळवून दिला तो ‘द पोलिस’ या ब्रिटिश बँडच्या स्टुअर्ट कोपलंड याने. हा बँड मार्च १९८० मध्ये मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात वाजवून गेला आहे. कोपलंडच्या वादनात स्प्लॅश मोठ्या ठोक्यावर कमी आणि ठोक्यांच्या मधल्या फटीत जास्त येतो. स्प्लॅश कशासाठी असतो हे कळायला त्याची दोन-चार गाणी लक्ष देऊन ऐकणे पुरे.

व्यास, जाडी आणि वजन

भौतिकशास्त्र इथे बरेच काम सोपे करते. पातळ सपाट चकतीचा स्वर जाडी वाढली की त्याच प्रमाणात चढतो आणि व्यास वाढला की व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. सिंबल सपाट नसतो आणि त्यातून एकच स्वर निघत नाही, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत लागू पडत नाही. दिशा मात्र बरोबर कळते. जाडी सारखी धरली तर ८ इंची स्प्लॅश १० इंचीपेक्षा सुमारे दीडपट वरच्या कंपनसंख्येचा असेल. दहा इंची ‘सा’ धरला तर आठ इंची पंचमाच्याही किंचित वर. दोन इंचांनी एवढा फरक पडतो.

जाडीचा परिणाम मात्र फसवा असतो. जाड स्प्लॅश उंच स्वराचा, खणखणीत आणि जास्त वेळ वाजणारा. पातळ स्प्लॅश खालच्या स्वराचा, मऊ, लवकर उघडणारा आणि लवकर विझणारा. जाड स्प्लॅश घंटेकडे झुकतो. वाजवला की ‘टंग’ असा नाद मागे उरतो आणि पुढच्या ठेक्यावर सांडतो. मधली वाटी मोठी असेल तर हा नाद आणखी रेंगाळतो.

जाडी डोळ्यांनी कळत नाही, पण वजनावरून ओळखता येते. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा सोबत न्यावा. दुकानदार थोडा हसेल, हसू द्यावे. जाडी सारखी असेल तर १० इंची सिंबलचे वजन ८ इंचीच्या दीडपटीपेक्षा थोडे जास्त भरते. समजा ८ इंची २०० ग्रॅमचा आहे, तर तेवढ्याच जाडीचा १० इंची साधारण ३१० ग्रॅमचा असेल. तो ४०० ग्रॅम भरला तर तो जाड आहे, मग त्यावर ‘थिन’ लिहिलेले असो वा नसो. एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलच्या दोन नगांतही वजनाचा थोडा फरक असतो, विशेषतः हाताने ठोकलेल्या सिंबलमध्ये. म्हणून दुकानात दोन नग असतील तर दोन्ही मागावेत.

धातू: टाळ आणि सिंबल यांचे नाते

सिंबलच्या जाहिरातीत बी-२०, बी-८ असे आकडे दिसतात. बी म्हणजे ब्राँझ, आकडा म्हणजे त्यातल्या कथिलाचे शेकडा प्रमाण. बी-२० मध्ये ८० टक्के तांबे आणि २० टक्के कथिल. मराठी घरात हा धातू नवा नाही. आपले कांसे म्हणजे साधारण ७८ टक्के तांबे आणि २२ टक्के कथिल, जवळजवळ तेच मिश्रण. काशाचे ताट, काशाची वाटी, काशाचे टाळ यांची नाती थेट महागड्या सिंबलशी लागतात. कासार हे नावही कांस्यकारावरूनच आलेले. झिल्जियन घराण्याने १६२३ साली इस्तंबूलमध्ये सुरू केलेला कारखानाही याच जातीच्या धातूवर उभा राहिला. तुर्की भाषेत ‘झिल’ म्हणजे झांज.

एवढे कथिल असलेला धातू नादाला उत्तम, पण ठिसूळ. तो तापवून लाल करावा लागतो, पाण्यात बुडवून झटकन थंड करावा लागतो, तेव्हा कुठे तो हातोडीखाली टिकतो. या कष्टामुळे बी-२० महाग पडतो. बी-८ चा पत्रा लाटणे सोपे, त्यामुळे तो स्वस्त. त्याचा आवाज चकचकीत आणि थोडा एकसुरी. पितळेचा, म्हणजे तांबे-जस्ताचा सिंबल सर्वांत स्वस्त. नवशिक्यांच्या सेटसोबत बहुधा तोच येतो.

स्प्लॅशच्या बाबतीत मात्र एक सूट आहे. क्रॅश किंवा राइडमध्ये स्वस्त धातूचा दोष लांबत जाणाऱ्या आवाजात उघडा पडतो. स्प्लॅशचा आवाज क्षणभरच असल्याने चांगला पातळ बी-८ अनेकदा पुरतो. जाड बी-२० पेक्षा पातळ बी-८ बरा. पितळेचा मात्र घेऊ नये. तो भांडे पडल्यासारखा वाजतो.

कुठे वाजवायचा आहे?

हळदीच्या मांडवात किंवा मिरवणुकीच्या ट्रॉलीवर, ढोल-ताशांच्या शेजारी आणि स्पीकरच्या भिंतीपुढे, ८ इंची पातळ स्प्लॅश कोणालाही ऐकू येत नाही. खुद्द वाजवणाऱ्यालाही नाही. तो ऐकू यावा म्हणून जोर लावला जातो आणि पातळ कडेला चीर जाते. अशा ठिकाणी १० किंवा १२ इंची, किंचित जाड स्प्लॅश घ्यावा. किंवा सरळ ऑक्टोपॅडमधला स्प्लॅशचा आवाज वापरावा, त्यात काही कमीपणा नाही. तो आवाज थेट मिक्सरमधून जातो, मांडवाच्या टोकापर्यंत पोचतो आणि त्याला चीर जात नाही.

कॉलेजचा बँड, चर्चमधला कॉयर, लहान सभागृह किंवा रेकॉर्डिंग असेल तर हिशेब उलटतो. तिथे मायक्रोफोन जवळ असतो आणि जाड स्प्लॅशचा रेंगाळणारा नाद प्रत्येक ट्रॅकमध्ये शिरतो. ८ इंची किंवा पातळ १० इंची इथे शोभतो. गावठाणात घराला घर लागून असते, त्यामुळे घरी सराव करणाऱ्यासाठीही लवकर विझणारा सिंबल सोयीचा.

सेटवर अजून चांगला हाय-हॅट नसेल, तर मात्र स्प्लॅश पुढे ढकलावा. हाय-हॅट गाण्याच्या जवळजवळ प्रत्येक मात्रेवर वाजतो, स्प्लॅश गाण्यात चार-पाच वेळा. पैसे आधी कुठे जायला हवेत हे उघड आहे.

दुकानात ऐकायचे कसे

कोपरखैरणेहून ट्रान्सहार्बरने वाशी, तिथून हार्बरने सीएसएमटी आणि पुढे चालत धोबी तलाव. १८६५ पासूनचे फर्टाडोज याच भागात आहे. प्रवास लांबचा असला तरी स्वतःचा क्रॅश आणि रोजच्या काठ्या पिशवीतून न्याव्यात. एकटा वाजवलेला स्प्लॅश बहुतेक वेळा छानच वाटतो. क्रॅशपाठोपाठ वाजवला की खरे कळते. दोघांच्या स्वरात स्पष्ट अंतर हवे. स्प्लॅश क्रॅशच्या फार जवळ असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळून जातात.

आधी हलके, मग मध्यम, मग जोरात असे तीनदा वाजवावे. हलक्या फटक्यालाच पूर्ण उघडणारा स्प्लॅश चांगला. जोरात मारल्याशिवाय उघडत नसेल तर तो जाड आहे. मग मित्राला वाजवायला सांगून दहा पावले मागे जावे. ड्रमरच्या कानाशी जो आवाज कर्कश वाटतो, तोच समोरच्याला अनेकदा गोड लागतो. इंटरनेटवरचे नमुने ऐकून मात्र निर्णय घेऊ नये. ते स्टुडिओतल्या मायक्रोफोनने टिपलेले आणि नंतर सजवलेले असतात.

जुना स्प्लॅश घेताना कडेवरून बोट फिरवावे, बारीक चीर नखाला लागते. मधले भोक गोल आहे का तेही पाहावे. ते एका बाजूला लांबट झाले असेल, तर तो प्लास्टिकच्या नळीशिवाय थेट लोखंडी दांडीवर वाजवला गेला आहे.

घरी आणल्यावर वरचा नट घट्ट पिळू नये. स्प्लॅश हलायला मोकळा हवा; आवळलेला सिंबल लवकर तडकतो. काठी कडेवर आडवी, निसटती मारावी, आरपार नव्हे. खाडीच्या दमट हवेत ब्राँझ काळवंडते, म्हणून वाजवून झाल्यावर घामाचे हात लागलेली जागा कोरड्या कपड्याने पुसावी. देवघरातल्या समईसारखा चिंच-मीठ लावून मात्र घासू नये. चकाकी येते, पण कंपनीचा शिक्का आणि वरचा संरक्षक थर दोन्ही निघून जातात.