हळदीचं दूध आणि आजीचा मेंदू

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी! पण विषय आजीचा आहे, आणि आजीबद्दल इंग्लिशमध्ये लिहिणं काही जमेना.

आजीला अल्झायमर आहे. तिचं माहेर वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरकडचं, म्हणजे वायगावच्या प्रसिद्ध हळदीचा पट्टा. या हळदीला २०१६ मध्ये जीआय टॅग मिळाला. महालातल्या आमच्या घरी कोणीही आलं की सल्ला एकच: "हळदीचं दूध देत जा न बाप्पा, मेंदूची सूज उतरते!" म्हटलं, ही सूज म्हणजे नक्की काय ते तरी पाहू.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. वॉचमन आणि सफाई कामगार, दोन्ही ड्यूट्या त्यांच्याच. अल्झायमरमध्ये अमायलॉइड या प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. त्या दिसल्या की मायक्रोग्लिया सफाई सुरू करतात आणि रासायनिक निरोप सोडतात. हे निरोपे म्हणजे सायटोकाइन: इंटरल्यूकिन-१ बीटा, इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा वगैरे. थोडा वेळ हे चांगलंच. पण कचरा संपत नाही, म्हणून निरोपही थांबत नाहीत. सायटोकाइन फार झाले की चेतापेशींना इजा होते, त्यामुळे आणखी मायक्रोग्लिया खवळतात, आणखी सायटोकाइन सुटतात. कंट्रोल सिस्टिम्समधला पॉझिटिव्ह फीडबॅक तो हाच! गॅदरिंगला माइक स्पीकरसमोर नेला की जी शिट्टी वाजत सुटते ना, तसं.

मग हळद? तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये सायटोकाइन खरंच कमी करतं. पण पोटातून रक्तात ते फारच थोडं पोचतं. अमेरिकेत रुग्णांना २४ आठवडे कर्क्युमिन देऊन पाहिलं. २०१२ मध्ये निकाल छापून आला, फायदा दिसला नाही. वाचून वाईट वाटलं.

पण शोधताना एक कामाची गोष्ट सापडली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात, अल्झायमरच्या ज्या रुग्णांना मध्येच इन्फेक्शनसारखं काही झालं, त्यांची स्मरणशक्ती सहा महिन्यांत साधारण दुप्पट वेगाने ढासळलेली दिसली. म्हणजे शरीरातली सूज मेंदूतल्या सुजेत तेल ओतू शकते.

मला मागची दिवाळी आठवली. आजी दोन दिवसांत एकदम असंबद्ध बोलायला लागली. आम्ही म्हटलं, "आजार वाढला, चालायचंच." पाचव्या दिवशी ताप चढला तेव्हा कळलं, लघवीचं इन्फेक्शन होतं. त्यातून ती बरी झाली, पण तेव्हापासून मला बाबांच्या नावाने हाक मारते.

तेव्हा हॉस्टेलवाल्यांनो, रविवारी घरी फोन कराल तेव्हा आजी-आजोबांचीही चौकशी करा. वागणं एक-दोन दिवसांत अचानक बदललं असेल, तर "वय झालं" म्हणून सोडू नका, लगेच डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आणि हळदीचं दूध? आजी अजूनही रोज घेते. तिला आवडतं म्हणून.