‘गे’ म्हटल्याने अब्रू जाते का?

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणाला ‘गे’ म्हणून हिणवले, तर अब्रुनुकसानीची फिर्याद करता येते का, ही विचारणा शिरूर-दौंडकडच्या वाचकांची आहे.

भारतीय न्याय संहितेचे अब्रुनुकसानीचे कलम 356 हे 1860 च्या दंड संहितेतील कलम 499 चेच नवे रूप आहे. इतरांच्या नजरेत माणसाचे चारित्र्य किंवा पत खालावली, तरच बदनामी झाली, असे त्याचे स्पष्टीकरण सांगते. म्हणजे शिरूरच्या पेठेत किंवा दौंडच्या रेल्वे वसाहतीत लोक समलैंगिकतेला कलंक मानत असतील तर अब्रू गेली, नसतील तर गेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी, नवतेजसिंग जोहर खटल्यात, समाजाच्या नैतिकतेपेक्षा संविधानाची नैतिकता वरची मानली आणि प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम 377 रद्दबातल केले. अब्रुनुकसानीचे कलम मात्र अजून लोकांच्या नजरेवरच चालते. फिर्यादीची त्यात कोंडी होते. जिंकायचे तर समलैंगिक असणे लाजिरवाणे आहे, हे त्यालाच कोर्टात मांडावे लागते! न्यूयॉर्क राज्यातील अपील न्यायालयाने 2012 मध्ये हा गुंता तोडला. कुणाला समलैंगिक म्हणणे ही आपोआप बदनामी ठरत नाही, असे सांगून तिथल्या न्यायालयाने जुने निकाल मोडीत काढले.

आरोप खरा असला, तर भारतीय कायदा एका बाबतीत अधिक कडक आहे. फौजदारी अब्रुनुकसानीत नुसते खरे बोलणे हा बचाव होत नाही. ते सार्वजनिक हिताचेही असावे लागते. एखाद्याचे खासगी आयुष्य ग्रुपवर उघडे करणाऱ्याला हा बचाव सहसा मिळू नये. पण या गुन्ह्यात पीडिताला स्वतःच न्यायदंडाधिकाऱ्यापुढे फिर्याद मांडावी लागते. तालुक्याच्या कोर्टात वकील, कारकून, साक्षीदार सगळे ओळखीचे. जे झाकायचे, तेच तारखेगणिक चर्चेला येते.

ग्रुपच्या ॲडमिनला धरावे, हा उपाय गावोगाव सुचवला जातो. गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी तो बाद केला. सदस्य घेणे किंवा काढणे यापलीकडे ॲडमिनच्या हाती फारसे काही नसते. आधीपासून संगनमत असल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुराचा गुन्हा त्याच्यावर येत नाही. निर्णय योग्यच म्हणावा लागेल, नाहीतर गावातला प्रत्येक ॲडमिन सेन्सॉर होऊन बसेल.

एका व्यक्तीऐवजी सगळ्या समलैंगिकांविरुद्ध द्वेष पसरवला, तर न्याय संहितेचे कलम 196 आठवते. त्यात धर्म, वंश, भाषा, जात यांची नावे आहेत, लैंगिक कलाचे नाही. विधी आयोगाच्या मार्च 2017 च्या 267 व्या अहवालाने जुन्या संहितेसाठी सुचवलेल्या 153-क या कलमात ते होते, तेही समलैंगिक संबंध 377 खाली अजून गुन्हा असताना. शिवाय मसुदा आटोपशीर होता: गंभीर धमकीचे शब्द किंवा हिंसेला चिथावणी, एवढेच त्यात येत होते. नुसती चीड आणणारे बोलणे गुन्हा ठरवले की काय होते, हे पालघरने नोव्हेंबर 2012 मध्ये दाखवले होते. बंदवर टीका करणारी फेसबुक पोस्ट लिहिणारी आणि ती लाइक करणारी, अशा दोन तरुणींना अटक झाली. असल्या मोघम शब्दांवर उभे असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी रद्द केले. 153-क मात्र अहवालातच राहिले.

‘घरी सांगतो, नाहीतर पैसे टाक’ अशी धमकी आली, तर चित्र बदलते. ही न्याय संहितेच्या कलम 308 खालची खंडणी आहे. पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात आणि समलैंगिकता लाजिरवाणी आहे की नाही, या वादात तक्रारदाराला शिरावे लागत नाही. ब्रिटिशांनाही हा धंदा ठाऊक होता. 377 चा आरोप करण्याची भीती घालून पैसे उकळणाऱ्याला जुन्या संहितेच्या कलम 388 मध्ये जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत 377 नाही, म्हणून ती खास तरतूदही गेली. साध्या खंडणीला आता सात वर्षांपर्यंत कैद आहे.