'शुगर फ्री' मिठाई मधुमेहींना चालते काय?



लागणीची पाहणी करत शिवारात फिरताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, मला शुगर आहे. दिवाळीला शुगर फ्री पेढे आणले तर चालतील ना?" मी डॉक्टर नव्हे, उसाचा माणूस. शिवाय पगार साखर कारखान्याचा. तरी पक्के ठाऊक आहे तेवढे कोणाची बाजू न घेता सांगतो.

'शुगर फ्री' म्हणजे त्यात आपली साखर घातलेली नाही, एवढेच. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट गोड, त्यामुळे ते चिमूटभर पुरते आणि त्याने रक्तातील साखर वाढत नाही. (गंमत म्हणजे सुक्रालोज साखरेपासूनच बनवितात.) पण पेढ्यातला खवा आणि लाडवातले बेसन-तूप कुठे जाते? खव्यात दुधाची साखर असते, बेसनात पिष्ट. दोन्हींची शेवटी रक्तात साखरच होते. तुपाने वजन वाढते ते वेगळेच. काही मिठाईत माल्टिटॉल असते. त्यानेही साखर थोडी वाढते, आणि जास्त खाल्ले तर पोट बिघडते. खजुराच्या बर्फीत फळाची साखर भरपूर. आणि गूळ चालतो हा समज तर सोडाच, गूळ म्हणजे मुख्यतः साखरच.

खताचे पोते घेताना १०:२६:२६ वाचता ना? तसेच खोक्यावरील एकूण कर्बोदके व उष्मांक वाचा. एखादा तुकडा खायचा तर त्या जेवणातला भात किंवा भाकरी तेवढी कमी करा. शुगर फ्री आहे म्हणून चार पेढे खाणे बरे नव्हे.

आता सर्वांत महत्त्वाचे. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणारा माणूस उपाशीपोटी पाणी धरायला गेला, की त्याची साखर एकदम उतरू शकते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी शुगर फ्री गोळी काही कामाची नाही. चहाचे तीन चमचे, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, खरी साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही न घालता थेट दवाखाना गाठा.

रात्रीच्या पाळीला निघताना साखरेची एक पुडी खिशात असू द्या. कारखान्याच्या सवलतीच्या साखरेचा मधुमेही सभासदाला याहून चांगला उपयोग नाही.

— ऊस विकास अधिकारी